मदत हवी आहे: पाण्याच्या चाकावर गोल पटाशीला धार लावताना कोपरे झिजतात

अर्धा_सुतार:

नमस्कार. कोरीवकाम शिकायला लागून वर्ष होत आलं. सपाट पटाश्या मी निसण्यावर हातानेच पाजळतो आणि त्या ठीक होतात. गोल पटाश्यांपुढे मात्र हात टेकले, म्हणून पाण्यावर चालणारं धार लावायचं यंत्र घेतलं. २५० मिमीचं सावकाश फिरणारं दगडी चाक, खाली पाण्याचं पन्हाळं, दुसऱ्या बाजूला चामड्याचं चाक आणि पटाशी पकडायला फिरता जिग. वाटलं होतं, जिगमध्ये अडकवायची, इकडून तिकडे फिरवायची, झालं.

सरावाला २० मिमी रुंद, ५ नंबर वक्राची पटाशी घेतली (नंबर जितका मोठा तितका वक्र खोल). पहिल्या दिवशी दोन्ही कोपरे उडाले आणि धार जिभेसारखी पुढे आली. दुसऱ्या दिवशी ते सरळ करायला गेलो तर धारेला लाटा आल्या. तिसऱ्या दिवशी बऱ्यापैकी सरळ झाली, चामड्यावर आरशासारखी चमकवली, आणि लाकडावर टेकवली तर ती कापायच्या ऐवजी घसरत पुढे गेली! या सगळ्यात पटाशी चार मिमी आखूड झाली आहे. कोन २० अंश ठेवला होता.

जिग असूनही कोपरे का जातात? लाटा कशाने येतात? आणि इतकी चमकणारी धार कापत का नाही? दगडावर मधोमध एक खाचही पडायला लागली आहे, तिचं काय करू?

काटकोन:

चार मिमी गेले म्हणजे फार नाही, आम्ही यापेक्षा जास्त खाल्ले आहेत.

कोपऱ्यांचं कारण दोन ठिकाणी आहे. एक तुमच्या हातात. पटाशी एका टोकापर्यंत फिरवून परत आणताना हात क्षणभर थांबतो, आणि तेवढा वेळ कोपरा दगडावर बसून राहतो. मधल्या भागावरून आपण झरकन जातो, टोकांवर रेंगाळतो. दुसरं कारण जिगच्या रचनेत आहे. जिग पटाशीला तिच्या दांड्याच्या अक्षाभोवती फिरवतो. ५ नंबरचा वक्र उथळ, त्यामुळे धारेचा मध्य अक्षाच्या जवळ आणि कोपरे लांब. नुसतं गोल फिरवलं की लांबचा कोपरा दगडात जास्त रुततो. ८ किंवा ९ नंबरच्या खोल पटाशीला हा त्रास बराच कमी होतो. म्हणून उथळ पटाशी थोडीच फिरवा, आधारदांड्यावरून आडवी सरकवा जास्त, आणि कोपऱ्याशी येताना बोटांचा दाब काढून घ्या. कोपरा दगडाला लागायच्या आत परत फिरायचं. तो शेवटी आपोआप येतो.

पण त्याआधी एक काम. आत्ता आहे त्या धारेवर उतार (धारेमागची तिरकी बाजू) घासू नका. पटाशी दगडावर काटकोनात उभी धरून धारेचं टोक अगदी हलकेच टेकवा, दोन-तीन सेकंद. मुद्दाम बोथट करायची आहे. मग दिव्याखाली समोरून बघा. धारेच्या जागी एक चमकणारी पांढरी रेघ दिसेल. तीक्ष्ण धार उजेड परत पाठवत नाही, बोथट पाठवते. रेघ जिथे जाड तिथे घासायचं, जिथे बारीक तिथे हात लावायचा नाही, आणि दर दहा-बारा सेकंदांनी उचलून बघायचं. रेघ सगळीकडे एकदमच पुसली गेली पाहिजे. तुमच्या लाटा यायचं कारणही हेच. उतार सारखा दिसतोय म्हणून तुम्ही घासत राहिलात, धारेकडे बघितलं नाही.

भुसा:

माफ करा, पण मुळात यंत्र कशाला? गोल पटाशी निसण्यावर आठच्या आकड्यात फिरवून दोन मिनिटांत होते. एवढं पाणी सांडा, चाक सरळ करा, जिग लावा, तोवर माझी अर्धी वेल कोरून होईल.

काटकोन:

ज्याचा हात बसला आहे त्याचं खरं आहे. मीही रोजचं पाजळणं चामड्यावरच करतो, यंत्र महिन्यातून एखाद वेळी. पण धार तुटली असेल किंवा उताराचा कोन बदलायचा असेल, तर निसण्यावर तास जातो आणि कोरड्या ग्राइंडरवर पोलाद जातं. हिशेब करून बघा: २५० मिमीचं चाक मिनिटाला ९० फेरे म्हणजे कडेचा वेग मिनिटाला साधारण ७० मीटर. १५० मिमीचा कोरडा ग्राइंडर २८५० फेऱ्यांना १३०० मीटरच्या वर जातो. गोल पटाशीची कड इतकी पातळ की त्या वेगात ती डोळ्यादेखत निळी पडते, आणि निळी पडली की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं म्हणून समजा. मग कितीही धार लावा, ती टिकत नाही. ओल्या चाकावर ती भीती नाही. शिकाऊ माणसाला चूक करायला वेळ मिळतो, हाच या यंत्राचा मोठा फायदा.

भुसा:

निळ्या पटाश्या माझ्याही डब्यात दोन आहेत, तेवढं मान्य. :)

नक्षी:

चमकून न कापणाऱ्या धारेबद्दल लिहिते, कारण मी त्यात पूर्ण पावसाळा घालवला आहे.

चामड्याचं चाक मऊ असतं. पटाशी जरा उंच कोनात धरली किंवा जोराने दाबली की चामडं दबतं आणि धारेवरून वळसा घालून पुढे जातं. टोक गोल होतं. चमक तर येतेच, कारण गोल झालेली धारही छान चमकते! कोरताना पटाशी उतारावर टेकून चालते. टोक गोल असेल तर ते लाकडात शिरत नाही, मग आपण मूठ वर उचलतो, तेव्हा कुठे शिरते आणि एकदम खोल जाते. तुमचं 'घसरणं' हेच असावं. उताराला मार्करने रंग द्या आणि चामड्याला एकदाच टेकवा. रंग फक्त टोकाचा गेला तर मूठ फार वर आहे, फक्त मागच्या कडेचा गेला तर फार खाली.

चामड्याचं चाक नेहमी धारेपासून लांब पळत असलं पाहिजे. उलट धरलंत तर पटाशी चामड्यात घुसेल, आणि ते चामडं गेलं समजा.

आणि आतली बाजू? तुम्ही तिचा उल्लेखच केला नाही. बाहेरून घासल्यावर आतल्या कडेला बर येते, अगदी बारीक तार. अंगठा आतून बाहेरच्या दिशेने (धारेवरून आडवा नाही!) हलकेच ओढला की खरखर लागते. ती सगळ्या रुंदीवर लागली म्हणजे दगडाचं काम संपलं. ती काढायला पटाशीच्या आतल्या वक्राएवढी गोल काठी घ्या, तिला पातळ चामडं चिकटवा, चमकवायची पेस्ट लावा आणि धारेकडे बाहेर ओढा. बर तशीच राहिली तर पहिल्या कापात तुटते आणि धारेला दाते पडतात.

२० अंशांबद्दल: मऊ लाकडाला ठीक. कठीण लाकडावर मोगरीने ठोकणार असाल तर २५ करा, नाहीतर कड दुमडेल.

अर्धा_सुतार:

अहो, आतली बर मी काढलीच नव्हती! अंगठा फिरवून बघितला, एका बाजूला अजून खरखर आहे.

आणखी एक शंका. गोल चाकावर घासल्यामुळे उतार आतून पोकळ होतो असं वाचलं. कोरीवकामाला सपाट उतार लागतो ना?

काटकोन:

उताराची लांबी ८ मिमी धरली तर २५० मिमीच्या चाकावर मधली पोकळी ०.०६४ मिमी येते. कागदाच्या जाडीपेक्षा कमी. चामड्यावर दोन-चारदा पाजळली की जाणवतही नाही. त्यात झोप घालवू नका.

खाचेचं: ती तुम्ही एकाच जागी घासल्यामुळे पडली. अरुंद पटाश्या दगड जास्त खातात, म्हणून घासताना चाकाच्या सगळ्या रुंदीवर हिंडत राहा. पडलेली खाच यंत्राच्या हिऱ्याच्या टोकाने दगड सरळ करून घालवायची. एकदम खोल घेऊ नका, पातळ थर, दोन-तीन वेळा. काम झालं की पन्हाळं खाली करून ठेवा. दगड अर्धा पाण्यात राहिला तर तेवढा भाग जड होतो आणि दुसऱ्या दिवशी चाक हेलकावे खातं.

चिरफळी:

धागा पळवतोय, माफी. व्ही आकाराच्या पटाशीला माझ्याकडे खाली चोचीसारखं टोक येतं. दोन्ही बाजू तर सपाट घासतो.

नक्षी:

दोन बाजू मिळतात त्या तळाशी पोलाद जाड असतं. बाजू पातळ झाल्या तरी तिथला गठ्ठा राहतो आणि चोच पुढे येते. बाजू घासून झाल्यावर तळाची ती कड किंचित गोल फिरवून उतरवा, जणू तिथे अगदी बारीक गोल पटाशी आहे. चोच आधीच आली असेल तर काटकोनने सांगितलेली पांढरी रेघ इथेही काढा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. आणि आत, कोपऱ्यात, घडी घातलेल्या चामड्याची कड फिरवा, नाहीतर बर तिथेच लपून बसते.

अर्धा_सुतार:

आठवड्यानंतर परत आलो. दगड सरळ केला, पटाशी उभी धरून बोथट केली (हात थरथरत होता, खोटं का बोलू) आणि रेघ बघत बघत घासली. डाव्या कोपऱ्याशी रेघ आधी संपली, उजवीकडे उरली. म्हणजे माझा हात डावीकडे जास्त थांबतो. हे आजवर कळलंच नव्हतं. उजवी बाजू तेवढी घासली, कोन २५ केला, मार्कर लावून चामड्यावर फिरवली, आतून काठीने बर काढली.

मऊ लाकडावर रेषांच्या आडवा काप घेतला. काप गुळगुळीत आणि चमकदार आला, फक्त मधोमध केसाएवढी एक पांढरी ओळ उमटते आहे, प्रत्येक कापात त्याच जागी.

नक्षी:

त्या जागी धारेला एक बारीक दाता आहे. दगडावर नेऊ नका. चामड्यावर अजून वीसेक फेरे, आतून पाच, आणि पुन्हा काप घेऊन बघा. ओळ गेली नाही तरच दगड, आणि तोही पृष्ठभाग बारीक पोताचा करून घेतलेला.

अर्धा_सुतार:

गेली. आता ११ नंबरची, ४ मिमीची काढतो डब्यातून. तिच्या आत मावेल एवढी काठी मात्र अजून सापडलेली नाही.

भुसा:

जाड दोरा घ्या, पेस्ट चोळा, आणि त्यावरून ओढा. हे यंत्राशिवायही होतं बरं का.