राजीनामा, समेट, सलोखा: नक्की कोणता शब्द?

लष्करवाली: इथल्या (ग्वाल्हेरच्या; लष्कर आणि मुरार हे इथलेच भाग) मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दक्षिण आफ्रिकेवरचा एक लेख मराठीत आणतेय. वर्णभेदाच्या राजवटीनंतर, १९९५च्या कायद्याने नेमलेला, डेस्मंड टुटू अध्यक्ष असलेला आयोग. इंग्रजी नाव 'ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशन'. त्यातल्या 'ट्रुथ'चा 'सत्य' सुटला, 'रिकन्सिलिएशन'ला अडलेय. समेट, सलोखा, दिलजमाई, मनोमीलन? आईला विचारलं तर पोळी लाटता लाटता म्हणाली, "राजीनामा लिही की!" मुरारला शेजाऱ्या-शेजाऱ्यांत लाठ्या चालल्या होत्या, पुढे कोर्टात 'राजीनामा' झाला, ते तिच्या डोक्यात.

पुणेकर: राजीनामा? कुणी नोकरी सोडली?

लष्करवाली: हेच! 'काकांचा राजीनामा झाला' असं पुण्याच्या मावसबहिणीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं बाई, आता घर कसं चालणार?" काका बिचारे भाऊबंदकीच्या खटल्यातून मोकळे झाले होते.

जुना वकील: ताई, आई चुकलेल्या नाहीत. राजी असल्याचा नामा, एवढाच मूळ अर्थ. मुंबई इलाख्यात रयत जमीन सोडताना राजीनामा द्यायची, नवा कसणारा कबुलायत लिहून द्यायचा. तिथून पुण्या-मुंबईकडे तो नोकरीवर गेला, आमच्या हिंदी कोर्टांत तडजोडीवरच राहिला. पण लेखात नको. मी पाहिलेल्या बहुतेक राजीनाम्यांत दोघं एकाच पेनाने सह्या करतात आणि वेगवेगळ्या जिन्यांनी उतरतात. शिवाय खुनाच्या खटल्यात आपल्या कायद्याने राजीनामा होतच नाही, आणि त्या आयोगापुढे तर खून, छळ, अपहरणंच होती.

पुणेकर: मग सरळ 'सत्य आणि क्षमा आयोग' म्हणा.

जुना वकील: इथेच घसरायला होतं. 'माफ' अरबीतून आलेला, देण्यातून सुटलेला. म्हणून सारा माफ, कर्ज माफ, आमच्या ग्वाल्हेर संस्थानातल्या देवळांच्या माफीच्या जमिनी. देणारा कायम वर बसलेला. आयोगाने दिली ती ही माफी. सात हजारांवर अर्ज आले, ८४९ जणांना मिळाली. गुन्हा राजकीय हेतूने केलेला हवा आणि सगळं खरं सांगायला हवं. पश्चात्तापाची अट नव्हती! मराठीत विचित्र वाटेल, पण न मागता 'माफी' मिळू शकत होती. आपला 'माफीचा साक्षीदार' आठवा, तोही पश्चात्तापावर नाही, खरं सांगण्यावर सुटतो. फरक इतकाच की तो दुसऱ्याला अडकवून सुटतो.

क्षमा मात्र 'क्षम्'पासून, म्हणजे सोसणं. ती सोसणाऱ्याचीच. वर्णभेदाविरुद्ध लढणारे स्टीव्ह बिको १९७७ साली पोलिसांच्या ताब्यात मारहाणीने मेले. त्यांच्या घरच्यांनी या माफीलाच घटना-न्यायालयात आव्हान दिलं, १९९६ मध्ये हरले. पुढे १९९९ साली त्या पोलिसांचे अर्ज आयोगाने फेटाळले, ही गोष्ट वेगळी. सरकारला माफी देता येते, बिकोंच्या बायकोच्या वतीने क्षमा कशी देता येईल?

जौऱ्याची भाची: वकीलकाका, आमच्या आजोळी हे जवळून पाहिलंय. १९७२ला चंबळ खोऱ्यातल्या जौऱ्याला जयप्रकाशजींपुढे (जयप्रकाश नारायण), गांधीजींच्या तसबिरीसमोर बागींनी बंदुका ठेवल्या. (आजोळी 'डाकू' म्हणायची पद्धत नाही, बागीच.) त्याआधी १९६०ला आपले विनोबा चंबळमध्ये फिरले होते. हिंदीत त्याला आत्मसमर्पण म्हणतात, मराठीत शरणागती. पण दोन्हींत कुणापुढे, हे आहेच. मामी सांगते, गावात एकीचा नवरा बागींनीच मारलेला. सगळा गाव सोहळा बघायला गेला, ती गेली नाही. म्हणे, "ते सरकारपुढे गेले, माझ्या दारात कोण आलं?"

पुणेकर: क्षमा मागे घेतो. पण मग सलोखा घ्या, कानाला गोड आहे.

जुना वकील: गोड आहे म्हणूनच सांभाळून. क्रियापद बघा: सलोखा 'राखतात', तो 'नांदतो'. म्हणजे आधी असावा लागतो. तिथे काळ्या-गोऱ्यांत कधी होता, की राखायचा? समेट 'घडवून आणतात', मध्ये कुणीतरी बसावं लागतं. जुन्या पत्रांतला 'सलूख' मला आवडतो, पण तो राजाराजांचा तह, आणि आज कुणाला कळणार?

जौऱ्याची भाची: दिलजमाई लग्नघरातली, मनोमीलन तिकिटावरून रुसलेल्या पुढाऱ्यांचं. दोन्ही नकोच.

लष्करवाली: ठरलं तर. नावात 'सत्य आणि समेट आयोग'. कायद्याने दिली तिथे सगळीकडे माफी, मूळ मजकुरात एक आई मुलाच्या मारेकऱ्याशी बोलते तेवढ्याच जागी क्षमा. सलोखा शेवटच्या परिच्छेदात येईल, तोही प्रश्नचिन्ह लावून. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरंय. पण मुरारचे ते दोघे अजून एकमेकांकडे तिळगूळ पाठवत नाहीत हो."