खराडी की बाणेर? पगारी रजा आणि सवलती पाहून नोकरी निवडायची आहे, सल्ला हवा

मुळाकाठ
नमस्कार. मी पुण्यात औंधला राहते, सॉफ्टवेअर चाचणीच्या क्षेत्रात काम करते आणि सध्या माझ्या हातात दोन नियुक्तीपत्रे आहेत. खराडीची कंपनी 'अमर्याद पगारी रजा' देते. शिवाय दुपारचे जेवण, जिम आणि घरापर्यंत कॅब. बाणेरच्या कंपनीत वर्षाला २१ अर्जित आणि ८ नैमित्तिक रजा आहेत, शिल्लक ४५ दिवसांपर्यंत पुढे नेता येते, बाकी सवलती बेताच्या आहेत. दोन्हीकडे आईवडिलांना गट विम्यात घेता येते. आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठरली आहे आणि तेव्हा मला सलग पंधरा दिवस रजा लागेल. मुलगी पाचवीत आहे. पगाराचा विचार माझा करून झाला आहे, त्यामुळे कृपया फक्त रजा आणि सवलतींबद्दल लिहावे.

नारायणपेठी
पगाराचे विचारू नका म्हणालात, तरी तो तक्ता एकदा नीट वाचाच. सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चात, कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा आणि मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी धरलेली असते, आणि काही ठिकाणी जेवण आणि कॅबचा खर्चही त्यातच मिळवतात. तसे असेल तर त्या सवलतीचे पैसे तुम्हीच भरत आहात. दुसरे म्हणजे सुट्ट्यांची यादी मागा. आमच्या कंपनीत ती परदेशी ग्राहकाच्या सोयीने ठरते. गणेश चतुर्थीला सुट्टी असते, परंतु अनंत चतुर्दशीला कामावर बोलावतात आणि लक्ष्मी, केळकर, टिळक आणि कुमठेकर हे चारही रस्ते मिरवणुकीने भरलेले असताना आम्ही पेठेतून बाहेर कसे पडावे आणि रात्री घरी कसे परतावे, याचा विचार कोणी करत नाही. बाणेर घ्या.

निवृत्त_चाकणकर
ताई, रजा ही मोजलेलीच असावी. आमच्या कारखान्यात युनियनच्या करारामुळे कायद्यापेक्षा जास्त रजा मिळत असे, कॅन्टीनचे जेवण नाममात्र दरात होते आणि कंपनीची बस दारापाशी येई. मी रजा साठवत गेलो आणि निवृत्तीच्या वेळी तिचे चांगले पैसे झाले. खासगी नोकरदाराला निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या अशा रकमेवरील करमाफीची मर्यादा पूर्वी तीन लाख रुपये होती, ती एप्रिल २०२३ पासून पंचवीस लाख झाली आहे. 'अमर्याद' रजेत शिल्लकच राहत नाही, मग पैसे कशाचे मिळणार?

नारायणपेठी
काका, ही सूट निवृत्तीच्या किंवा नोकरी सोडण्याच्या वेळची आहे. नोकरीत असताना दरवर्षी रजेचे पैसे घेतले तर त्यावर पूर्ण कर लागतो, आणि बहुतेक कंपन्या हिशेब फक्त मूळ पगारावर करतात.

निवृत्त_चाकणकर
मी निवृत्तीबद्दलच लिहिले आहे. दरवर्षी पैसे घेणाऱ्याने रजा साठवलीच नाही, असे माझे मत आहे.

दोन_लेकरांची_आई
पाळणाघराचे कोणी विचारलेच नाही! प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणे बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा आहे. आमच्या कंपनीने सोय कागदावर दाखवली, प्रत्यक्षात ते पाळणाघर ऑफिसपासून इतके दूर होते की जाऊन येण्यातच जेवणाची सुट्टी संपायची. मुलगी मोठी असली तरी कंपनीची नियत कळण्यासाठी हे पाहावेच. माझेही मत बाणेर.

पर्वतीपायथा
मी बरीच वर्षे मनुष्यबळ विभागात काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार कामगाराला वर्षाला आठ नैमित्तिक रजा मिळतात, त्या तिमाहीने खात्यावर जमा होतात आणि वर्षअखेर संपतात; आदल्या वर्षी २४० दिवस काम झाले असेल तर दर वीस दिवसांमागे एक अर्जित रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. म्हणजे बाणेरच्या कंपनीचे 'आठ' आणि 'पंचेचाळीस' हे आकडे मुळात कायद्यातूनच आले आहेत. व्यवस्थापकीय पदांना हा कायदा लागू होत नाही, तिथे कंपनीचे धोरण हाच आधार.

अमर्याद रजेबद्दल माझा अनुभव असा की आकडा नसला की माणूस मागायला संकोचतो आणि वरिष्ठाच्या मर्जीवर सगळे चालते. म्हणून मीही बाणेरच म्हणेन. मात्र सही करण्यापूर्वी दोन्ही कंपन्यांकडून रजेच्या धोरणाची पूर्ण प्रत मागा आणि त्यात प्रोबेशनचे कलम वाचा. विम्याच्या बाबतीत आईला आधीपासून असलेल्या दुखण्याचा प्रतीक्षाकाळ माफ आहे का, गुडघेबदलावर वेगळी मर्यादा आहे का, को-पे (म्हणजे दाव्यातला आपण भरायचा वाटा) किती आणि खोलीभाड्याची मर्यादा किती, हे चार प्रश्न लेखी विचारा. वैयक्तिक पॉलिसीत गुडघेबदलासाठी सहसा दोन-तीन वर्षे थांबावे लागते, त्यामुळे गट विमा ही तुमच्यासाठी जिमपेक्षा फार मोठी सवलत आहे. आईचे नाव रुजू झाल्यावर ठरावीक मुदतीतच नोंदवता येते, तेवढे लक्षात ठेवा.

खडकवासला_सायकल
खराडीहून औंधला संध्याकाळी कॅबने या आणि मग सांगा. कॅब फुकट असली तरी वेळ तुमचाच जातो. बाणेर.

दोन_लेकरांची_आई
मीही तेच म्हणते. मोजलेली रजा आणि जवळचे ऑफिस.

मुळाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. पर्वतीपायथा यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडून धोरणाच्या प्रती मागवल्या. बाणेरच्या प्रतीत लिहिले आहे की पहिले सहा महिने अर्जित रजा जमा होईल, परंतु वापरता येणार नाही, आणि नैमित्तिक रजा एका वेळी तीनपेक्षा जास्त घेता येणार नाही. अपवाद करण्याची विनंती केली, तेव्हा बिनपगारी रजेचा अर्ज करावा असे उत्तर आले. तिथे आईवडिलांच्या दाव्यावर वीस टक्के को-पेही आहे. खराडीत को-पे नाही, आधीच्या दुखण्याचा प्रतीक्षाकाळ माफ आहे, आणि भावी वरिष्ठांनी शस्त्रक्रियेच्या तारखा घेऊन पंधरा दिवसांची पगारी रजा ईमेलने मंजूर केली आहे. म्हणून मी खराडी स्वीकारत आहे. प्रवासाचा त्रास होईल हे मान्य आहे.

निवृत्त_चाकणकर
ताई, निर्णय तुमचा. मला अजूनही मोजलेली रजाच बरी वाटते. आईंना लवकर आराम पडो.

पर्वतीपायथा
कारण पटले. फक्त वरिष्ठांच्या ईमेलवर थांबू नका. ते वरिष्ठ बदलले तर नवे येणारे तो मजकूर मानतीलच असे नाही. तीच मंजुरी तारखांसह नियुक्तीपत्राला जोडून घ्या आणि त्यावर मनुष्यबळ विभागाची सही घ्या.