गोव्यात ख्रिस्तावर विश्वास ठेवताना: बाप्तिस्म्याच्या आधीचं आणि नंतरचं

आपल्या गोव्यात इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, जायला कुणाला कारण लागत नाही. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मरियामातेच्या) फेस्ताला, म्हणजे सणाला, तेल घेऊन येणाऱ्यांत हिंदू किती नि ख्रिस्ती किती, हे कुणी विचारत नाही. बांबोळीला फुलांच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) गाडी थांबवून मेणबत्ती लावणारे सगळ्याच धर्मांचे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं, शवप्रदर्शन होतं, तेव्हा माझ्या शेजारच्या आजी तुळशीला पाणी घालून मगच रांगेला निघाल्या होत्या.

पण त्याच घरात तुम्ही म्हणालात, "मी येशूवर विश्वास ठेवलाय, मला बाप्तिस्मा घ्यायचाय," की वातावरण बदलतं. मेणबत्तीला कुणाची हरकत नसते. विश्वासाला मात्र जाब द्यावा लागतो.

मी स्वतः म्हापशाचा, घर हिंदू, बाप्तिस्मा मोठेपणी घेतला. साक्ष सांगायला उभे राहणारे बहुतेक जण बाप्तिस्म्यापाशी येऊन थांबतात. खरी भूक त्यानंतर लागते, असा माझा अनुभव आहे. घरच्यांशी कसं वागायचं, प्रार्थना कोण शिकवणार, रविवारी इगर्जीत कुणाशेजारी बसायचं? म्हणून सगळ्यांना विनंती आहे: कसे आलात ते लिहाच, पण पुढे काय झालं तेही लिहा. कॅथलिक असा, प्रोटेस्टंट असा, जन्मापासूनचे असा. घरातलं कुणी विश्वासात आलं आणि तुम्ही आला नाहीत, तर तुम्हीही लिहा. नावं देऊ नका, गाव पुरे.

फोंडा. शाळेत मराठी शिकवते

माझी सुरुवात साहित्यातून झाली. एम.ए. करताना फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणावर टिपण लिहायचं होतं. पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत बसून देवनागरी प्रत वाचायला घेतली. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातला हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात आला, इथल्या लोकांची बोली शिकला, आणि १६१६ मध्ये रायतूरला त्याचा हा ग्रंथ छापला गेला. ओवी आपली, वळण आपल्या संतकवींचं. मी ज्ञानेश्वरी वाचत वाढलेली मुलगी, त्यामुळे वाचताना परकं काहीच वाटलं नाही. टिपण लिहून झालं, गुणही मिळाले, पण येशू मनातून जाईना. मग मूळ शुभवर्तमान, म्हणजे बायबलातलं येशूचं चरित्र, वाचलं. वाळीत टाकलेल्या कुष्ठरोग्याला तो आधी हात लावतो, बरं करण्याच्याही आधी, तिथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले.

जवळच्या इगर्जीतल्या फादरांना भेटले. वाटलं होतं, लगेच तारीख देतील. त्यांनी उलट विचारलं, "घरी सांगितलंस?" आणि एक वर्षभर शिकवणीला बसवलं. प्रौढांच्या दीक्षेची ही रीतच आहे. शिकवणी, चाळीसाच्या काळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, विशेष प्रार्थना, आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा. कुणी घाई केली असती तर मी बहुधा मागे फिरले असते.

घरी सांगणं कठीण गेलं. बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आपली शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला का आली, ठाऊक आहे ना तुला? मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला का आला?" फोंड्याच्या माणसाला याहून जड प्रश्न नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडली, माणसं देव उचलून रातोरात नदीपार आली, तो इतिहास आमच्या घराच्या भिंतींत आहे. मी म्हटलं, "बाबा, ते झालं, वाईट झालं, मी त्याची बाजू घेणार नाही. पण माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. मी वाचून आले." त्यांनी उत्तर दिलं नाही. ज्यांनी हे ओझं कधी वाहिलं नाही, त्यांनी गोव्यातल्या नव्या विश्वासणाऱ्याला "घरच्यांची पर्वा करू नकोस" असा सल्ला देऊ नये, हे मी कळकळीने सांगते.

ती रात्र सांगते. इगर्जीबाहेर होळीसारखी आग पेटवली होती. फादरांनी मोठ्या मेणबत्तीवर खुरीस कोरला, त्या वर्षाचे चार आकडे कोरले, धुपाचे पाच खडे टोचले. आत सगळे दिवे बंद. त्या एका ज्योतीवरून पहिल्या बाकाने आपल्या मेणबत्त्या लावल्या, त्यांनी मागच्यांच्या लावल्या, आणि बघता बघता सगळी इगर्ज उजळली. संतांची नावं घेत लोकांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. डोक्यावर तीनदा पाणी ओतलं ते केसांतून मानेवर, ब्लाउजच्या आत गेलं. माझ्या मादरिणीने, म्हणजे धर्ममातेने, मागून टॉवेल धरला होता.

आता पुढचं. चवथीला मी माहेरी जाते. पहिल्या वर्षी मी बाबांना आधीच सांगितलं: स्वयंपाकघरात पडेल ते काम करीन, पाहुण्यांचं बघीन, आरतीला मात्र उभी राहणार नाही. ते म्हणाले, "मग त्या वेळी नेवऱ्या तळ." तेव्हापासून आरती चालू असते तेव्हा मी चुलीपाशी. आईने मध्ये विचारलं, "तुमच्यात पातोळ्या करतात का गो?" म्हटलं, करतात, पंधरा ऑगस्टला, सायबिणीच्या फेस्ताला, हळदीच्या पानातच. त्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने गूळखोबऱ्याचं चून करून डबा पाठवला.

वास्को. मूळ गाव कुडाळ तालुका, बंदरात कामाला

आमची मंडळी लहान आहे. भाड्याच्या हॉलमध्ये जमतो, उपासना मराठीत आणि थोडी हिंदीत. मला इथे आणलं ते पाळीतल्या एका सोबत्याने. तो जेवणाच्या सुट्टीत पवित्र शास्त्र उघडून बसायचा. कुणाला वाचून दाखवत नसे, स्वतःच वाचायचा. मीच एकदा विचारलं, "एवढं काय असतं त्यात?" त्याने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि डबा धुवायला गेला.

बाप्तिस्मा बोगमाळोला समुद्रात झाला. पाळकांनी पूर्ण बुडवून वर काढलं. नाकात खारं पाणी गेलं होतं आणि मी हसत होतो.

त्यानंतर काही दिवस सगळं सोपं वाटलं. मग क्षमा करायची वेळ आली. गावी आंब्याच्या बागेवरून माझा आणि चुलतभावाचा दावा चालू आहे. आमच्या वडिलांच्या हयातीतला. प्रभूची प्रार्थना रोज म्हणायची, त्यात आम्ही जशी क्षमा केली तशी आम्हाला कर असं म्हणायचं, आणि मनात चुलतभावाला शिव्या. घशाखाली उतरेना. पाळकांना विचारलं, क्षमा केली म्हणजे दावा काढून घ्यायचा का? ते म्हणाले, हक्क मागणं आणि द्वेष करणं वेगळं, आधी द्वेष काढ, मग दाव्याचं काय ते शांत डोक्याने ठरव. मी गावी गेलो, त्याच्या घरी गेलो. वहिनीने चहा ठेवला. तो बाहेर आला नाही. पुढच्या मे महिन्यात पुन्हा गेलो, तेव्हा बाहेर आला, बसला, बोलला नाही. दावा चालू आहे. पण आता मी त्याच्या मुलांसाठी नाव घेऊन प्रार्थना करतो, आणि ती प्रार्थना खोटी नसते. माझ्यापुरता हा चमत्कार आहे.

रविवारी पाळी लागली की उपासना चुकते. त्याचं सुरुवातीला फार वाईट वाटायचं. आता आम्ही चार-पाच जण बुधवारी रात्री एकाच्या खोलीत जमतो, एक अध्याय वाचतो, ज्याला जे समजलं ते बोलतो. माझी वाढ त्या खोलीत झाली. टिळकांची अभंगाच्या चालीवरची गीतं तिथेच पाठ झाली. नारायण वामन टिळक कोकणातलेच, करजगावचे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांची पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळी राहिली आणि १९०० मध्ये स्वतःहून विश्वासात आली, हे कळलं तेव्हा मी बायकोच्या मागे लागणं सोडलं. ती अजून आलेली नाही. आमचं छान चाललंय.

डिचोली. जन्मापासून कॅथलिक

मी लिहू की नको, असा विचार करत होते, कारण माझा बाप्तिस्मा तान्हेपणीच झाला. पण विश्वास मला चाळिशीत मिळाला. लहानपणी दोतोर्न (धर्मशिक्षण) पाठ केलं, तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हटला, सगळं केलं, आणि नोकरी लागल्यावर सगळं सोडलं. परत आले ते आमच्या वाड्यावर बाहेरून आलेल्या एका मुलीमुळे. ती नव्याने ख्रिस्ती झालेली. तिला रोमी लिपीतली कोंकणी गायनं, म्हणजे उपासनेतली गीतं, वाचता येईनात. शिक्षण मराठीतून, त्यामुळे "एक्स" दिसला की "क्स" म्हणायची. मी तिच्याशेजारी बसून सांगायचे की तो "श" वाचायचा. मग तिच्यासाठी एका वहीत देवनागरीत गायनं उतरवायला बसले. लहानपणापासून तोंडपाठ असलेल्या ओळी पहिल्यांदाच अक्षर अक्षर लिहिल्या, आणि लिहिताना रडू आलं. तिला शिकवताना मी शिकले.

पेडणे. वडील

मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही. आमचा देव रवळनाथ. मुलगा ख्रिस्ती झाला म्हणून लिहितो.

मला राग धर्माचा नव्हता, लपवल्याचा होता. दोन पावसाळे तो रविवारी क्रिकेट खेळायला जातो असं सांगून जात होता आणि मला बाजारात तिसऱ्याने सांगितलं. सगळ्या तरुणांना हात जोडून सांगतो, बापाला बाहेरून कळू देऊ नका. तुमच्याच तोंडून कळलं तर तो भांडेल, पण त्याचं तोंड बाजारात खाली जाणार नाही.

आता बरं चाललंय. हे कबूल केलं पाहिजे की मुलगा पूर्वीपेक्षा शांत झालाय आणि आईशी नीट बोलतो. शेतात पेरणीला येतो. श्राद्धाला पिंडाला बसत नाही, ते माझ्या मनाला लागतं. मग माझ्या वडिलांसाठी तो त्याच्या पद्धतीने प्रार्थना करतो असं म्हणाला. मी म्हटलं, कर.

मडगाव. दोतोर्न शिकवते, नव्यांची मादरीन होते

पेडण्याच्या बाबांनी लिहिलं ते मी माझ्या पुढच्या गटाला वाचून दाखवणार आहे.

माझ्या अनुभवातून काही गोष्टी. पहिली, लग्नाची. ख्रिस्ती मुलगा किंवा मुलगी आवडली म्हणून बाप्तिस्मा घ्यायला येणारे पुष्कळ असतात. मी त्यांना स्पष्ट सांगते: बिशपांची परवानगी घेऊन बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी इगर्जीत लग्न लागतं. लग्नासाठी धर्म बदलायची अट नाही. हे ऐकून काही जण निघून जातात, आणि ते बरोबर आहे. काही जण तरीही बसून राहतात. तेच पुढे टिकतात.

दुसरी, कुमसाराची, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याची, भीती. मोठेपणी बाप्तिस्मा घेणाऱ्याला त्याआधी कुमसार करावा लागत नाही, बाप्तिस्म्यातच सगळी पापं धुतली जातात. पहिला कुमसार नंतर येतो, आणि तिथे लोक थरथरतात. एका मुलीने मला इगर्जीच्या पायरीवर विचारलं, "आंटी, परत पाप झालं म्हणजे माझा बाप्तिस्मा फुकट गेला का?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतो. बाप्तिस्मा फुकट जात नाही, तो पुन्हा घेताही येत नाही. पडलेल्याने उठावं म्हणूनच कुमसार ठेवलाय. नव्या माणसाला हे आधीच सांगा, तो पहिल्यांदा पडण्याची वाट बघू नका.

उपासाचंही असंच. नवे लोक उत्साहात चाळीसही दिवस काही न खाता काढायला निघतात. पूर्ण वयाच्या माणसाला सक्तीचे उपास दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, आणि त्या दिवशीसुद्धा एक वेळ पोटभर जेवता येतं. आजारी माणसाला तेही नाही. आपल्याकडच्या एकादश्या करून आलेल्या बायकांना हे फारच सोपं वाटतं!

आणि सर्वांत मोठी गोष्ट जन्मापासूनच्या ख्रिस्तांवांसाठी. ईस्टरच्या रात्री टाळ्या वाजवता, केक कापता, फोटो काढता, आणि पुढच्या रविवारी ते पोर शेवटच्या बाकावर एकटं बसलेलं असतं. कधी गुडघे टेकायचे, कधी उभं राहायचं, त्याला कळत नाही, ते पुढच्याच्या पाठीकडे बघून करतं. जा, शेजारी बसा. नाताळला घरी जेवायला बोलवा, त्याचं स्वतःचं घर त्या दिवशी नेहमीसारखंच असतं, ना नक्षत्र, ना गोठा. वाड्यावर लहान ख्रिस्ती समुदायाची बैठक असेल तर त्याला घेऊन जा, नुसतं "ये" म्हणू नका.

वाळपई. कॉलेजात शिकतो

मी अजून कुठेच नाही. फक्त वाचायचं आहे. घरी माहीत नाही, विचारायला कुणी नाही. कुठून सुरू करू?

म्हापसा (वर आमंत्रण लिहिलेला)

मार्कापासून सुरू कर. सोळाच अध्याय आहेत, चारांत सर्वांत लहान शुभवर्तमान. मराठी पवित्र शास्त्र बायबल सोसायटीचं मिळतं, भाषा जुनी वाटली तरी मोठ्याने वाच, कानाला लवकर सवय होते. रोज अर्धा अध्याय पुरे. जिथे पटत नाही तिथे पेन्सिलीने खूण कर, पुसू नकोस, ते प्रश्न घेऊनच पुढे कुणाला तरी भेटायचं आहे. वाळपईत इगर्ज आहे, संध्याकाळी फादर असतात, जाऊन नुसतं "मला विचारायचंय" म्हण. कुणी पहिल्याच भेटीत सही मागितली, पैसे दिले किंवा मागितले, घरच्यांपासून तोडायला बघितलं, तर तिथून ऊठ आणि दुसरीकडे जा.

आणि पेडण्याच्या बाबांनी लिहिलेलं पुन्हा वाच. वाचतोयस एवढं तरी घरी सांगून ठेव.

डिचोलीच्या ताई, ती गायनांची वही अजून असेल तर तिच्या झेरॉक्स काढून देता येतील का? इथे मला अजून तिघांना हवी आहे.