मदत हवी आहे: चामखिळीवर बनककडीचा राळ-अर्क, घरी लावावा का?

नमस्कार मंडळी. इंदूरलाच राहते. दिरांच्या बोटांवर नखांच्या कडेला चामखिळी झाल्यात. सियागंज बाजारात कोणीतरी त्यांना बनककडीची (ही हिमालयातली एक औषधी वनस्पती) राळ स्पिरिटमध्ये विरघळवून दिली. तपकिरी, चिकट, बाटलीवर टक्केवारी नाही की तारीख नाही. "जडीबुटी आहे, काय होतंय!" हे वर.

मला माहीत आहे ते असं: हे पोडोफायलिन. पेशींचं विभाजन थांबवतं, म्हणून चामखीळ झडते, पण भोवतालची चांगली कातडीही भाजते. डॉक्टर साधारण २५ टक्क्यांचं स्वतः लावतात, भोवती व्हॅसलीन फासून, आणि काही तासांत धुवायला सांगतात. चिरलेल्या जागेतून जास्त अंगात गेलं तर उलट्या, हातापायांना बधिरपणा, रक्तपेशी कमी होणं, सगळं होऊ शकतं. गरोदरपणात तर वर्ज्यच. आणि लावून देतात कोण, तर जाऊबाई, ज्यांना पाचवा महिना आहे! बाटली मी तूर्त कपाटात कुलपात ठेवलीय, दीर रुसलेत.

कोणी त्वचारोगतज्ज्ञांकडून बोटांच्या चामखिळी काढून घेतल्यात का? सॅलिसिलिक ॲसिड की गोठवून? दुखतं किती, पुन्हा येतात का? आणि ती बाटली कुठे टाकायची? मोरीत ओतायला धजत नाही.