‘आभासी वाळूपेटी’ म्हणावं का?

एका विज्ञानदालनाच्या फलकाचं मराठी करतेय. वस्तू म्हणजे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात घडलेली ‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी सँडबॉक्स’. पेटीत खरी वाळू, डोक्यावर खोली मोजणारा किनेक्ट कॅमेरा आणि प्रोजेक्टर. वाळूचा ढीग केला की त्यावर लगेच समोच्च रेषा आणि रंग उमटतात. वर पंजा पसरून धरला की पाऊस पडतो, पाणी उतारानं खळग्यात जाऊन साचतं. मी लिहिलं, ‘आंतरक्रियात्मक आभासी वाळूपेटी’; ‘आंतरक्रियात्मक’ म्हणजे इंटरॅक्टिव्ह. आठवीतली भाची म्हणाली, “मावशी, वाळू खोटी आहे का?”

— भाचीला शाबासकी द्या. ‘आभासी’ इथे दुहेरी चुकतं. शाळेत प्रकाशाच्या धड्यात काय शिकलो? आरशातली प्रतिमा आभासी, कारण ती पडद्यावर घेता येत नाही. पडद्यावर उमटते ती वास्तव प्रतिमा. तुमच्या पेटीत तर वाळू हाच पडदा, म्हणजे त्या रेषा भौतिकशास्त्राच्या हिशेबानं अगदी वास्तव! आभासी असलंच तर फक्त पाणी, तेही गणितातलं. हात ओला होत नाही, एवढंच.

— मग सरळ ‘मिश्र वास्तव’ लिहा ना.

— चालेल, पण तो शब्द मोठ्या पट्ट्याचा आहे. मिलग्राम आणि किशिनो या संशोधकांनी 1994 मध्ये मांडणी केली: एका टोकाला निव्वळ खरं जग, दुसऱ्या टोकाला सगळं संगणकानं रचलेलं, मधलं सारं मिश्र. ही पेटी खऱ्या टोकाजवळची, म्हणून ‘वर्धित वास्तव’, म्हणजेच ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी. ‘संवर्धित’ मात्र नको, वृक्षसंवर्धन आठवतं. ‘आंतरक्रियात्मक’ तर वाचतानाच धाप लागते. त्याच अर्थाच्या ‘परस्परसंवादी’मध्ये ‘परस्पर’ फुकटचा, ‘सं’ आहेच की. शिवाय ‘संवादी’ म्हटलं की गाणाऱ्याला वादी-संवादी स्वर आठवणार, आणि इथे बोलतंय कोण? ही पेटी घडवायला भूशास्त्रवाले, संगणकवाले आणि तिकडच्या ताहो सरोवराचे अभ्यासक एकत्र बसले ते मुलांना नकाशा हातानं कळावा म्हणून. शब्दही हाताकडूनच यावा. हाक मारली की ‘ओ देतो’ ना आपण? तसं काहीतरी.

— ठरलं. वर ठळक ‘हाताला ओ देणारी वाळू’, खाली बारीक ‘वर्धित वास्तव वाळूपेटी’. दालनवाले ‘ओ’पाशी अडलेत; त्यांना तिथे ‘रिस्पॉन्स’ हवाय. भाचीला पाठवू म्हणते.