सोरॉरिटीचा नवा चॅप्टर अमेरिकेबाहेर सुरू करायचाय, सुरुवात कुठून करावी?

सरोवरकाठ:
आमच्या सोरॉरिटीचे, म्हणजे कॉलेजच्या मुलींच्या सभासद संघटनेचे, सगळे चॅप्टर (विद्यापीठांतल्या शाखा) अमेरिकेत आहेत. आता टोरोंटो आणि मॉन्ट्रियलच्या मुलींकडून विचारणा आली आहे. मुख्यालयापुढे प्रस्ताव ठेवण्याआधी कोणत्या गोष्टी तपासून घ्याव्यात?

जुनी_सभासद:
आधी विद्यापीठाची मान्यता बघा. कप्पा अल्फा थीटा या सोरॉरिटीने १८८७ सालीच टोरोंटोत चॅप्टर काढला होता, त्यामुळे वाट नवी नाही. पण सभासद निवडून घेण्याची पद्धत सर्वांना खुल्या प्रवेशाच्या धोरणात बसत नाही, म्हणून टोरोंटो विद्यापीठ १९६०पासून सोरॉरिटींना मान्यता देत नाही. परिणामी कॅम्पसवर सोरॉरिटीच्या नावाने खोली मिळत नाही, आणि अमेरिकेत मुलींचे गुण तपासून देणारं ग्रीक लाइफचं (विद्यापीठातल्या अशा संघटनांचं काम बघणारं) ऑफिस असतं, तसं तिथे काही नाही. प्रत्येकीकडून तिची गुणपत्रिका मागवावी लागते, त्यासाठी लेखी संमतीही घ्या. मुख्यालयाची किमान जीपीएची (सरासरी श्रेणीगुणांची) अट जशीच्या तशी लावू नका. कॅनडातलंच ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ तर गुण टक्क्यांत देतं. प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळी मर्यादा ठरवून ती भरतीआधीच जाहीर करा.

अमेरिकेतल्या फक्त मुलींच्या सभासदत्वाला टायटल नाइनमधली (शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या अमेरिकन कायद्यातली) सूट आहे. ती सीमेपलीकडे लागू नाही, तिथे प्रांताचा मानवी हक्क कायदा बघावा लागतो. त्या प्रांतातल्या वकिलाचं लेखी मत घेतल्याशिवाय प्रस्ताव पुढे नेऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

हिशेबनीस:
तुमची विम्याची पॉलिसी उघडून 'कव्हरेज टेरिटरी'ची, म्हणजे विमा कोणत्या भागात लागू आहे त्याची, व्याख्या वाचा. अमेरिकेतल्या नेहमीच्या जनरल लायबिलिटी (दुसऱ्याला झालेल्या इजा-नुकसानीच्या) पॉलिसीत अमेरिका, तिचे प्रदेश, पोर्तो रिको आणि कॅनडा येतात, ब्रिटन येत नाही. पण पॉलिसीला जोडलेल्या पुरवण्यांनी व्याप्ती कमी केलेली असू शकते, म्हणून 'कॅनडातला चॅप्टर विम्यात समाविष्ट आहे' असं पत्र विमा कंपनीकडून घ्या.

वर्गणीचं दुखणं वेगळंच. मुली सप्टेंबरमध्ये कॅनेडियन डॉलरमध्ये भरतात, मुख्यालयाला अमेरिकन डॉलर जानेवारीत जातात. मधल्या काळात दर घसरला की चॅप्टरला तूट येते. वर्षाच्या सुरुवातीला एक दर ठरवून थोडी राखीव रक्कम धरा. बँकेच्या खात्यावर दोन सह्या ठेवा आणि त्या मार्चमध्येच बदलून घ्या. तिथे एप्रिलमध्ये परीक्षा संपतात आणि शेवटच्या वर्षाच्या मुली निघून जातात. त्यानंतर सही बदलायची तर जुनी खजिनदार गाठणंच कठीण.

मॉन्ट्रियलकर:
क्युबेकचा मुद्दा राहिला. इथल्या मुली आधी दोन वर्षं सेजेप (शाळा आणि विद्यापीठामधलं कॉलेज) करतात, म्हणून विद्यापीठात त्यांची पदवी बहुतेक तीन वर्षांची. चौघींची कार्यकारिणी एकाच वर्गातली असेल तर चॅप्टर एका झटक्यात रिकामा होतो. दरवर्षी निम्मी पदं पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलींकडे राहतील असा नियम उपविधीतच घाला.

दारूचं कायदेशीर वय क्युबेकमध्ये १८, ओंटारिओत (टोरोंटोच्या प्रांतात) १९. तुमची जोखमीची नियमावली अमेरिकेतलं २१ धरून लिहिलेली असणार. इथे ती तशीच दिली तर मुली ती गंभीरपणे घेत नाहीत, आणि मग पाहुण्यांची यादी, परवाना असलेलं ठिकाण, पिऊन गाडी न चालवणं हे खरे महत्त्वाचे नियमही मागे पडतात. वयाचा आकडा प्रांताप्रमाणे बदला, बाकी अटी जराही सैल करू नका.

सरोवरकाठ:
आभार. विम्याच्या पत्राची आणि वकिलाच्या मताची मागणी आजच पाठवते.