रेवाचिनी, विलायती चुका की नुसतं रूबार्ब?

अमळनेरची:
रूबार्बला घरात बोलताना काय म्हणावं? कोशात 'रेवाचिनी' मिळतं, पण ते आमच्या घरी चालेना, म्हणून इथे विचारतेय.

गेल्या मे महिन्यात आई आणि मी लीड्सला दादाकडे होतो. त्याच्या परसात याचं एक जुनं ठोंब आहे. अळूसारखी मोठी पानं आणि खाली अंगठ्याएवढे जाड लाल देठ. वहिनी देठ कापत नाही. बुडाशी धरून जरा पीळ देते आणि ओढते, की सटकन निघून येतो. आईने एक तुकडा चावला, डोळे गच्च मिटले आणि म्हणाली, "हाऊ तं चुकाच शे!" दात आंबले तरी दुसरा तुकडा उचललाच.

मग काय, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे भिजत पडले, लसूण-मिरची ठेचून झाली. वहिनी कस्टर्डचं बोलत होती आणि आई इकडे पानं निवडायला बसलेली. वहिनीने जुडी अक्षरशः हातातून ओढून घेतली. "आई, पानं टाकायची. विषारी असतात." आई रुसली. "पानं फेकीसन देठ कोन खास?"

शेवटी नुसत्या देठांची घोटलेली भाजी झाली. पाणी घालावंच लागलं नाही, इतकं सुटतं. कळण्याचं पीठ घरून नेलेलं होतं, दादाने दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या. उरलेले देठ आईने गुळात शिजवून बरणीत भरले आणि अमळनेरला आणले. बरणीवर चिठ्ठी लावायची तर नाव काय लिहू? मी 'रेवाचिनी' लिहिलं. बाबांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "जुलाबनं औषध पोळीसंगे खावानं का?"

काष्ठौषधीवाला:
बाबांचं बरोबर आहे. आमचं दुकान वडिलांपासूनचं. रेवाचिनी मागणाऱ्याला आम्ही वाळलेलं पिवळट मूळ देतो, कोठा साफ व्हायला. देठ कुणी मागितलेला आठवत नाही. शब्द फारसी 'रेवंद-ए-चीनी'वरून आलेला, म्हणजे चीनकडचा रेवंद. आमच्याकडे असल्या चिन्यांची रांगच आहे: दालचिनी, चोपचिनी, कबाबचिनी, रेवाचिनी. दालचिनीतला 'दार' म्हणजे लाकूड (पुढे त्याचा 'दाल' झाला) आणि चोपचिनीतला 'चोब' म्हणजेही लाकूडच. कबाबचिनी तर जावा बेटाची, तरी नावाने चिनीच. घरातली लहान मुलं मात्र हिंदीतली साखर समजून बरणीत बोट घालतील, ते सांभाळा.

तुमच्या कामाची गोष्ट अशी की फारसीत दोन शब्द आहेत. औषधी मूळ ते 'रेवंद' आणि खायचा देठ तो 'रीवास'. आपल्याकडे औषध तेवढं आलं, भाजी आली नाही. मग भाजीचा शब्द कुठून येणार?

जाता जाता: जुनी गिऱ्हाइकं 'रेवाचिनीचा शिरा' मागत. तो रव्याचा नव्हे. फारसीत शीरा म्हणजे रस, आणि हा तर भलत्याच झाडाचा पिवळा चीक. चमचाभर खाल्लात तर आठवडाभर लक्षात राहील.

तापीकाठ:
माझं मत 'विलायती चुका'. नुसती चवच नाही, कूळही एकच आहे, दोन्ही पॉलिगोनेसीतले. आंबटपणात ऑक्झॅलिक आम्लाचा वाटाही दोघांत. आणि 'विलायती' लावायची आपली जुनी रीत आहेच, विलायती चिंच घ्या.

लिहायचं असेल तर 'ऱ्हुबार्ब' नको, 'रूबार्ब' लिहा. इंग्रजीत तो एच बोलत नाहीत. आपल्याला 'ऱ्ह'ची सवय असल्यामुळे हात तिकडे वळतो हे कबूल. अहिराणीत "तू कोठे ऱ्हास?" म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाटतं याचं काहीतरी अधःपतन झालंय.

अमळनेरची:
'विलायती चुका' ऐकायला छान आहे, पण मला त्याची भीती वाटते. आईने हेच तर केलं होतं. मनात चुका म्हटलं आणि हात पानांकडे गेला. विलायती चिंच म्हटलं तर दोन्हीकडे शेंगेतला गरच खायचा, चूक व्हायला जागा नाही. इथे चुक्याची पानं ही भाजी आणि रूबार्बची पानं हे विष. खुद्द इंग्लंडात पहिल्या महायुद्धात भाजीच्या टंचाईमुळे ही पानं खायचा सल्ला दिला गेला आणि लोकांना बाधा झाली. त्यांच्या भाषेत तर नावाचा गोंधळही नव्हता.

शेंदुर्णीकर:
इंग्रजी नावातही 'परकं'च बसलंय. 'र्‍हा' हे व्होल्गा नदीचं जुनं नाव मानतात आणि 'बार्बरम' म्हणजे परदेशी. आपण चिनी म्हटलं, त्यांनी रानटी. दादा लीड्सला आहे तर वेकफिल्ड जवळच. तिथे हिवाळ्यात अंधाऱ्या शेडमध्ये हे वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात काढतात. उजेड मिळाला की देठ कोवळे राहत नाहीत.

गुळात केलंय तर सरळ 'गुळांबा' लिहा की.

खापरावरची:
गुळांबा कसा? त्यात आंबा कुठाय? गुळांबा, साखरांबा, मेथांबा, सगळ्यांच्या शेपटाला आंबा आहे. आवळ्याचा केला तर आपण 'मोरावळा' म्हणतो, आवळ्याला त्याचा मान देतो. मग रूबार्बचा 'मोरूबार्ब' म्हणा. (हसू नका, मी दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं, वाईट नाही.)

आणि अमळनेरच्या ताई, पुढच्या वेळी आईंना पितळेच्या पातेल्यात करू देऊ नका. कल्हई उडालेली असेल तर कळकेल.

अमळनेरची:
स्टीलच्याच पातेल्यात केलं होतं, काळजी नसावी.

तुमची चर्चा आईला वाचून दाखवली. मोरूबार्बवर ती हसली आणि माझी चिठ्ठी काढून स्वतःच्या हाताने दुसरी चिकटवली: 'गुळातले देठ'. बाबा आता ते पोळीबरोबर खातात. भाचा विचारतो, कशाचे देठ? आई सांगते, लीड्सचे.